दुखत नाही म्हणून गाठ लपवू नका

स्तनात हाताला लागलेली गाठ बहुतेक वेळा साधी असते. पण ती साधी आहे हे ठरवायचे कोणी? शेजारणीने नव्हे, सासूबाईंनी नव्हे आणि आपण स्वतःही नव्हे. ते काम डॉक्टरांचे आहे, आणि ते वेळेत व्हायला हवे.

जयपूरला सारे जग 'गुलाबी शहर' म्हणून ओळखते. १८७६ साली इंग्लंडचे युवराज येणार म्हणून महाराजा सवाई रामसिंह यांनी शहर या रंगात रंगवून घेतले, असे सांगितले जाते. पुढे १९९२ साली अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाविषयी जागृती करण्यासाठी गुलाबी फीत वाटली जाऊ लागली आणि हाच रंग या आजाराची खूण बनला. आता दरवर्षी ऑक्टोबर महिना जगभर त्यासाठी पाळला जातो.

याच जयपुरात १७९९ साली हवामहल उभा राहिला. राजघराण्यातील स्त्रियांना रस्त्यावरच्या मिरवणुका दिसाव्यात, पण त्या मात्र कुणाला दिसू नयेत, यासाठी त्याचे ते शेकडो झरोके. तो काळ गेला. आज जयपूरच्या मुली बँकेत, कचेरीत, महाविद्यालयात काम करतात, स्कूटर चालवतात. पण स्वतःच्या शरीराबद्दल बोलायची वेळ आली की पडदा अजून तिथेच आहे. आणि हे काही एकट्या राजस्थानचे नाही. नोकरी-धंद्यानिमित्त जयपुरात स्थायिक झालेली मराठी सून असो की साताऱ्याच्या खेड्यातली तिची जाऊ, ताप आला तर घरभर सांगेल, पण छातीत गाठ लागली तर महिनोन् महिने कुणाजवळ बोलणार नाही.

या आजारात खरे नुकसान होते ते या न बोलण्याने.

आकडे काय सांगतात?

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाल्याचे आढळले आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. भारतीय स्त्रियांमध्ये आज हाच कर्करोग सर्वांत जास्त आढळतो. त्याच वर्षी साऱ्या जगात सुमारे २३ लाख नवे रुग्ण आणि सुमारे ६ लाख ७० हजार मृत्यू नोंदले गेले. म्हणजे जगात साडेतीन रुग्णांमागे एक मृत्यू, तर आपल्याकडे दोन रुग्णांमागे एक. आपल्या बायकांचा आजार काही वेगळा नाही. त्या उपचाराला उशिरा पोहोचतात आणि पुष्कळदा उपचार अर्धवट सुटतात, हे या फरकाचे मोठे कारण आहे.

उशीर किती महाग पडतो हे देशातील कर्करोग नोंदणी केंद्रांच्या २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून स्पष्ट दिसते. आजार स्तनापुरता असतानाच सापडला तर १०० पैकी ८१ स्त्रिया पाच वर्षांनंतरही हयात होत्या. तो आसपासच्या भागात किंवा काखेतील गाठींपर्यंत पसरला असेल तर ६५. आणि हाडे, फुप्फुसे, यकृत अशा दूरच्या अवयवांपर्यंत गेला असेल तर केवळ १८. आजार तोच, फरक फक्त तो कोणत्या टप्प्यावर सापडला याचा.

गाठ दुखत नाही, तिथेच घोटाळा

आपल्याला लहानपणापासून शिकवण असते की दुखले तर डॉक्टर. दात दुखला, पोट दुखले की आपण जातो. स्तनाच्या कर्करोगाची गाठ मात्र सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. ती कडक असते, वाटाण्याएवढी किंवा सुपारीएवढी हाताला लागते, आणि मुकाट्याने वाढत राहते. "दुखत नाही ना? मग काही नाही. दुधाची गाठ असेल, जिरेल आपोआप," असे कुणीतरी सांगते आणि बाई निर्धास्त होते.

मग सबबी सुरू होतात. मुलाची बारावी होऊ दे. नणंदेचे लग्न उरकू दे. दिवाळी झाल्यावर बघू. सीकर, दौसा किंवा टोंकहून जयपूरला मोठ्या रुग्णालयात यायचे तर सोबत कोण येणार, गुरांचे कोण बघणार, पुरुष डॉक्टर असला तर काय, हेही प्रश्न असतात. मग कुणी लेप लावते, कुणी झाडपाला बांधते, कुणी गंडा-दोरा करते. त्यात सहा महिने कसे जातात ते कळतही नाही.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. स्तनातील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. तरुण मुलींमध्ये बोटांखालून निसटणारी गुळगुळीत गाठ आढळते, तिला डॉक्टर फायब्रोअॅडिनोमा म्हणतात. चाळिशीच्या सुमारास पाण्याने भरलेल्या गाठी होतात. पाळीच्या आधी स्तन जड होणे, दुखणे, गुठळ्या लागणे हेही नेहमीचेच. म्हणून गाठ लागली की आता सारे संपले, असे समजायचे कारण नाही. कोणती गाठ कोणत्या जातीची हे मात्र नुसते हाताने चाचपून घरी कळत नाही.

मुंबईच्या वस्त्यांमधील वीस वर्षांचा अभ्यास

पाश्चात्त्य देशांत ठरावीक वयाच्या स्त्रियांना मॅमोग्राफीसाठी, म्हणजे स्तनाच्या खास एक्स-रेसाठी बोलावले जाते. आपल्याकडे गावोगावी अशी यंत्रे आणि ती वाचणारे तज्ज्ञ कुठून आणायचे? जयपूर शहरात यंत्र मिळेल, पण ढाण्यांवर राहणाऱ्या बाईचे काय? या प्रश्नाचे एक उत्तर मुंबईत शोधले गेले.

टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ साली मुंबईच्या झोपडवस्त्यांमध्ये एक मोठा अभ्यास सुरू केला. डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६४ वर्षांच्या १ लाख ५१ हजारांहून अधिक स्त्रियांना त्यात सामील करून घेतले. निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार वेळा, स्त्रियांचे स्तन हाताने तपासले. यंत्र नाही, सुई नाही, फक्त शिकवून तयार केलेले हात. उरलेल्या वस्त्यांमधील स्त्रियांना कर्करोगाची माहिती देण्यात आली. त्यानंतर दोन्ही गटांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले गेले.

वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर सापडलेल्या रुग्णांचे प्रमाण ३७ टक्के होते, तर दुसऱ्या गटात ४७ टक्के. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांमध्ये मात्र मृत्यूंत तशी घट दिसली नाही. म्हणजे हाताची तपासणी ही काही जादूची कांडी नव्हे. तरीही चाळीतल्या, झोपडपट्टीतल्या, कमी शिकलेल्या बायकांपर्यंत पोहोचून, थोड्या खर्चात जीव वाचवता येतात, हे यातून सिद्ध झाले. हे यश कुणा परदेशी यंत्राचे नाही, वस्तीत दारोदार फिरणाऱ्या बायकांचे आहे.

जयपुरात आणि आपल्या गावात काय सोय आहे?

केंद्र सरकारने २०१६ साली आखलेल्या कार्यक्रमानुसार ३० ते ६५ वर्षांच्या प्रत्येक स्त्रीची दर पाच वर्षांनी प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्याकडून स्तनतपासणी व्हावी, असे ठरले आहे. गावपातळीवर याची सुरुवात आशाताई करतात. राजस्थानात त्यांना 'आशा सहयोगिनी' म्हणतात. तिशी ओलांडलेल्यांसाठी त्या घरी येऊन एक तक्ता भरतात. त्यात स्त्रियांना विचारायचे प्रश्न असतात : स्तनात गाठ आहे का? स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव होतो का? स्तनाचा आकार बदलला आहे का? पुष्कळदा घरातील पुरुष किंवा सासूबाई बाजूला बसलेल्या असतात, म्हणून सून सरळ 'नाही' म्हणून मोकळी होते. तसे करू नका. आशाताईंना आत स्वयंपाकघरात घेऊन जा, पण उत्तर खरे द्या.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारले गेले की, तुमची स्तनतपासणी कधी झाली आहे का? 'हो' म्हणणाऱ्या स्त्रिया देशभरात १०० मध्ये एकही भरल्या नाहीत. प्रमाण होते ०.९ टक्के. योजना कागदावर असून भागत नाही. आपल्या आरोग्य केंद्रात ती मागण्याचा हक्क आपला आहे.

शंका आली तर पुढे जायला जयपुरात जागा आहेत. सवाई मानसिंह रुग्णालय हे सरकारी रुग्णालय तर सर्वांच्या परिचयाचे. प्रताप नगरमध्ये स्टेट कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, आणि जवाहरलाल नेहरू मार्गावर १९९७ साली सुरू झालेले भगवान महावीर कॅन्सर हॉस्पिटल आहे. महाराष्ट्रात मुंबईच्या टाटा रुग्णालयाखेरीज सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय ग्रामीण भागासाठी काम करते. खर्चाची धास्ती असेल तर आपले कुटुंब केंद्राच्या किंवा राज्याच्या आरोग्य योजनेत बसते का, हे रुग्णालयातील मदत कक्षात आधी विचारा. पैशाच्या भीतीने घरी बसू नका.

धोका कोणाला जास्त?

पहिली गोष्ट म्हणजे स्त्री असणे आणि वय वाढणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे या आजाराच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांमध्ये याखेरीज दुसरे कोणतेही खास कारण सापडत नाही. म्हणून 'आमच्या घराण्यात कुणाला नाही' असे म्हणून निश्चिंत राहता येत नाही. त्यातही आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांच्या मानाने साधारण दहा वर्षे आधी, चाळिशी-पन्नाशीतच गाठतो.

पाळी बाराव्या वर्षाआधी सुरू होणे, पंचावन्नच्या पुढे थांबणे, मूल न होणे किंवा पहिले मूल तिशीनंतर होणे, पाळी थांबल्यावर वजन वाढणे, मद्यपान, आणि रजोनिवृत्तीनंतर दीर्घकाळ हार्मोनच्या गोळ्या घेणे, या गोष्टींनी धोका काही प्रमाणात वाढतो. आई, बहीण किंवा मुलीला हा आजार झाला असेल, विशेषतः तरुण वयात, तर अधिक सावध राहायला हवे. आनुवंशिक दोषामुळे होणारे रुग्ण १०० मध्ये पाच ते दहाच असतात, पण अशा घरातील स्त्रियांनी तज्ज्ञांचा सल्ला लवकर घ्यावा. वडिलांकडच्या आत्या-आजीचा इतिहासही सांगावा. तोही तितकाच महत्त्वाचा.

अंगावर पाजण्याने धोका कमी होतो, ही आपल्या आज्यांच्या पिढीला सुखावणारी गोष्ट खरी आहे. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २००२ साली काढलेल्या निष्कर्षानुसार स्तनपानाच्या दर बारा महिन्यांमागे धोका सुमारे ४ टक्क्यांनी घटतो. नोकरी करणाऱ्या सुनेला त्यासाठी घरातून सवड मिळवून देणे हे सर्वांचे काम. मात्र 'मी तीन मुलांना पाजले, मला काय होणार!' हाही भ्रमच. धोका कमी होतो, नाहीसा होत नाही.

आपले स्तन आपण ओळखा

शांघायमध्ये सूतगिरण्यांतील २ लाख ६६ हजार कामगार स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली आले. स्वतःची स्तनतपासणी काटेकोरपणे शिकवल्याने मृत्यू कमी झाले नाहीत, उलट साध्या गाठींच्या तपासण्या वाढल्या, असे त्यात दिसले. म्हणून आता डॉक्टर त्याचा बाऊ करायला सांगत नाहीत. मात्र आपले स्तन एरवी कसे दिसतात, कसे लागतात, हे माहीत असेल तर बदल चटकन कळतो. एवढी ओळख प्रत्येकीला हवी.

पाळी सुरू झाल्यापासून सात ते दहा दिवसांनी स्तन मऊ असतात, तेव्हा आंघोळीच्या वेळी पाच मिनिटे काढा. पाळी थांबली असेल तर महिन्याची एक तारीख ठरवा. पहिली तारीख चालेल, संकष्टी लक्षात राहत असेल तर तीही चालेल. आरशासमोर हात खाली सोडून आणि मग डोक्यावर नेऊन पाहा. नंतर मधल्या तीन बोटांच्या सपाट भागाने, चिमटीत न धरता, सगळा स्तन, काख आणि गळ्याच्या हाडापर्यंतचा भाग हलके दाबून बघा.

पुढीलपैकी काहीही नव्याने आढळले तर डॉक्टरांना दाखवा :

- स्तनात किंवा काखेत गाठ, किंवा एखादा भाग घट्ट लागणे.
- त्वचेवर खळी पडणे, किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे.
- स्तनाग्र आत ओढले जाणे, किंवा त्यावर न बरा होणारा चट्टा.
- स्तनाग्रातून आपोआप, विशेषतः रक्तमिश्रित, स्राव येणे.
- एका स्तनाचा आकार बदलणे.
- औषध घेऊनही न जाणारी लाली आणि सूज. बाळ अंगावर पीत असले तरी.

एक पाळी येऊन गेल्यावरही गाठ तशीच असेल तर आणखी वाट पाहू नका. पाळी थांबलेल्या बाईने तर तेवढेही थांबू नये.

डॉक्टरांकडे काय होते?

पुष्कळजणी भीतीपोटी जात नाहीत, म्हणून हे आधीच सांगितलेले बरे. डॉक्टर प्रथम हाताने तपासतात. संकोच वाटत असेल तर स्त्री डॉक्टर मागा किंवा तपासताना परिचारिका हजर असावी असे सांगा. त्यानंतर तरुण वयात बहुधा सोनोग्राफी, चाळिशीच्या पुढे मॅमोग्राफी. मॅमोग्राफीत स्तन दोन पट्ट्यांमध्ये काही क्षण दाबला जातो. थोडे दुखते, पण लगेच संपते. शंका उरली तर जागा बधिर करून सुईने गाठीचा छोटा तुकडा काढतात. 'सुई लावली की कर्करोग पसरतो' ही आपल्याकडची सर्वांत घातक समजूत. ही तपासणी झाल्याशिवाय नेमका उपचार ठरतच नाही.

स्तन काढावाच लागतो का?

नेहमी नाही. एकेकाळी संपूर्ण स्तन आणि खालचे स्नायूही काढून टाकत. अमेरिकेचे बर्नार्ड फिशर आणि इटलीचे उंबेर्तो वेरोनेसी यांनी अभ्यासांतून दाखवून दिले की, लवकर सापडलेल्या आजारात फक्त गाठ काढून नंतर रेडिएशन, म्हणजे लोक ज्याला 'शेक' म्हणतात तो दिला, तर आयुर्मान तितकेच राहते. २००२ साली वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतरही तेच दिसले. म्हणजे स्तन वाचवायचा असेल तरीही लवकर जाणे हाच उपाय.

केमोथेरपीने केस गळतात, पण पुन्हा येतात. ज्यांची गाठ हार्मोनवर वाढणारी असते त्यांना टॅमॉक्सिफेनसारखी साधी, स्वस्त गोळी पाच ते दहा वर्षे घ्यावी लागते. बरे वाटते म्हणून ती मध्येच बंद करू नये.

हे गैरसमज सोडा

- घट्ट किंवा काळी ब्रा वापरल्याने कर्करोग होतो. होत नाही.
- ब्लाउजमध्ये पैसे किंवा मोबाइल ठेवल्याने होतो. याला आधार नाही.
- मार लागल्याने होतो. नाही. मार लागल्यामुळे तिकडे लक्ष जाते आणि आधीची गाठ सापडते, इतकेच.
- हा संसर्गाने पसरतो. मुळीच नाही. रुग्णाचे ताट-वाटी, अंथरूण वेगळे करू नका. तिच्याजवळ बसा.
- पुरुषांना होत नाही. क्वचित, पण होतो.

घरच्यांचे काम

स्त्री स्वतःसाठी वेळ काढत नाही, याचे कारण तिला तो कुणी देत नाही. पतीने एक दिवसाची रजा काढून सोबत जावे. सासूबाईंनी "मी बघते घरचे, तू जाऊन ये," एवढे म्हटले तरी अर्धे काम होते. मुलींनी आईला आणि सासूला विचारावे, कारण साठीतल्या बायका स्वतःहून कधीच सांगत नाहीत, आणि मुंबईच्या अभ्यासाप्रमाणे पन्नाशीपुढच्यांनाच तपासणीचा फायदा अधिक होतो. उपचार चालू असताना आणि नंतरही तिला 'बिचारी' म्हणू नका. तिचे घरातले स्थान स्तनावर अवलंबून नाही, हे तिला शब्दांपेक्षा वागण्यातून कळू द्या.

हळदी-कुंकवाला, भिशीला, मंगळागौरीला, जयपुरात तीजेला आणि गणगौरीला बायका एकत्र जमतातच. साड्या, दागिने, मुलांचे मार्क यांच्या गप्पांत एक प्रश्न आणखी घाला : "काय गं, तू तपासून घेतलेस का?" आणि कुणी हळूच "गाठ आहे, पण दुखत नाही" असे म्हणाली, तर तिला धीर द्या, तिच्यासोबत जायचा दिवस तिथल्या तिथे ठरवा, आणि तो टळू देऊ नका.